झुंबरबाई येते त्या दिवशी

१

सातव्यांदा फ्यूज उडाला तेव्हा सुगत न्हाऊन-माखून, दुपट्यात गुंडाळून नुकताच डोळे मिटत होता. फळीवर फट् झालं, ओसरीतला रेडिओ बोलता बोलता गप्प झाला आणि न्हाणीघरातून द्वारकाबाईंचा आवाज आला.

"गेली! बघ, ती आल्ती अन् गेली लाइट!"

ती म्हणजे झुंबरबाई, लेकरं न्हाऊ घालणारी. परतूरच्या त्या गल्लीत वीस-बावीस वर्षांत जन्मलेलं बहुतेक प्रत्येक लेकरू तिच्या लांब केलेल्या पायांवर पालथं पडलेलं होतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार ती बेबीनंदाच्या घरी यायची. आधी तिच्या सासूबाईंच्या, द्वारकाबाईंच्या हातांना तेल चोळायची, मग चार महिन्यांच्या सुगतला. ती निघून गेली, दुसऱ्या अंघोळीसाठी बॉयलरचं बटण दाबलं, की फट्.

बॉयलर म्हणजे घरमालक रामरावांनी न्हाणीघराच्या भिंतीत बसवलेला तांब्याचा पिंप. आत विजेची कॉइल, खाली पितळी नळ. चुलीच्या धुरानं सुगतला खोकला लागला, म्हणून दिवाळीपासून बेबीनंदानं पाणी तापवायचं काम या बॉयलरवर सोपवलं. पहिले काही दिवस बरे गेले. मग हे सुरू झालं.

"आत्याबाई, विजेला काय कळतं कोण आलं अन् कोण गेलं?" बेबीनंदा हळूच म्हणाली. सुगत दचकला नाही ना, हे ती आधी बघत होती. तिची सगळी वाक्यं आजकाल अशी अर्धी सुगतकडे बघत व्हायची.

"तुला शिकलेलीला न्हाई पटायचं. पायगुण असतो एकेकीचा."

"आपण धम्मदीक्षा घेतली त्याला वीस वर्षं झाली," बेबीनंदाचा नवरा देवानंद शाळेच्या वह्यांतून मान वर न करता म्हणाला. "पायगुण तिथंच सोडून आलो होतो ना, आई?"

"तू वह्या तपास."

बोलणं तिथंच संपलं असतं, पण भिंतीला कान होते. पलीकडे सोनूबाई, रामरावांची बायको, वाळवण करत होत्या. त्यांची लेक शिवकन्या पहिल्या बाळंतपणाला आलेली, नववा लागलेला. झुंबरबाईला त्यांनी केव्हाच सांगून ठेवलं होतं. दुपारी मात्र त्यांचा निरोप गेला : तू नको येऊस, आम्ही घनसावंगीहून दुसरी बाई बोलावली.

निरोपाला कारण जोडलेलं नव्हतं. ते गल्लीनं संध्याकाळपर्यंत जोडलं.

२

वायरमन भिवा आला तो नेहमीसारखा हसत.

"ताई, तुमचा बॉयलर माझ्यावर लई जीव लावून राह्यलाय. आठवड्यातून तीनदा बोलावतो."

त्यानं चिनी मातीचा फ्यूज ओढून काढला. आतली तार जळून काळी पडली होती. टेस्टर बॉयलरला टेकवला. टेस्टरच्या पोटातला बारका दिवा लागला नाही.

"बघा, कायबी न्हाई. पिंप बराबर हाय."

"पण फ्यूज उडाल्यावर बॉयलरमध्ये वीज असतेच कुठे? मग दिवा लागणार कसा?"

भिवानं डोकं खाजवलं. "हे खरं. पण मी येतो तवा उडालेलाच असतो ना ताई. चालू असताना मला कोण बोलावतं?"

बेबीनंदाला हे बोलणं उगाचच लक्षात राहिलं. तिनं औरंगाबादला बीएस्सी केलं होतं, पदार्थविज्ञान घेऊन. दोन वर्षांत लग्न, बाळंतपण, दुपटी यांत ते कुठं तळाला जाऊन बसलं होतं. ते हलल्यासारखं झालं, पण वर आलं नाही.

"आता एक करतो," भिवा म्हणाला. "तार दुहेरी घालतो. मंग कितीबी लोड येऊ द्या, उडायचंच नाव न्हाई."

"दुहेरी? आधी का नाही घातली?"

"जाड तार घातली की वायर तापते म्हणून. पण तुमच्या सासूबाई म्हणून राह्यल्या, काहीबी कर, पण बंद कर हे."

त्यानं तार दुहेरी घातली. रेडिओ पुन्हा बोलू लागला.

चहाच्या वेळी रामराव डोकावले. पांढरं धोतर, तोंडात सुपारी. बेबीनंदा त्यांच्याकडे बघताना नेहमी थोडी अडखळायची. परतूरला बदली झाली तेव्हा तीन घरांनी आडनाव ऐकून खोली नाही म्हटलं होतं. रामरावांनी आडनाव विचारलंच नव्हतं. पण आता त्यांची लेक माहेरी आली होती आणि घरात जागा कमी पडत होती. शिवाय मीटर त्यांच्या बाजूला, चावी त्यांच्याकडे.

"मास्तर, तरास होत आसंल तर सांगा," रामराव देवानंदला म्हणाले. "बॉयलर काढून टाकू. न्हाईतर तुम्हाला दुसरीकडं जागा बघून देतो. चांगली, हवेशीर."

"दुसरीकडं?" देवानंदनं कप खाली ठेवला.

"आपलं बोललो."

ते गेल्यावर देवानंद बायकोकडे बघत राहिला. तीही तेच मनात आणत होती : मीटरची चावी ज्याच्या हातात, त्याला कोणत्या दिवशी फ्यूज उडवायचा हे ठरवता येतं. आणि आळ घ्यायला झुंबरबाई आयतीच होती.

३

शनिवारी सकाळी झुंबरबाई आली. वार तिचा नव्हता. ती दारातच बसली, आत आली नाही.

"आत या ना मावशी."

"नको ताई. मी आत आले अन् काही झालं तर? बसते हितंच."

हातात तेलाची वाटी नव्हती, त्यामुळे हात कुठं ठेवावेत हे तिला कळत नव्हतं. पदराचं टोक ती बोटाला गुंडाळत होती.

"सोनूबाईंनी न्हाई म्हणून सांगितलं. ते जाऊ द्या. पण काल रातच्याला दुर्गाबाईच्या घरूनबी निरोप आला. उद्या तिसरं घर सांगंल. ताई, मला दुसरं काय येतं? हेच दोन हात हायेत. बाळंतिणीच्या घरात ज्या बाईचा पाय वाईट म्हणून बोललं जातं ना, तिला मंग कोणी उंबरा चढू देत न्हाई. मरेपर्यंत न्हाई."

घरात द्वारकाबाई भाकरी थापत होत्या. थापण्याचा आवाज जरा मोठा झाला.

"मावशी, तुम्ही बॉयलरला हात लावता का?"

"मी? मला त्याची भीती वाटती. तुम्ही बादली भरून देता, मी लेकराला न्हाऊ घालते, अन् जाते."

"बस, एवढंच?"

"अजून काय असतं?" झुंबरबाईला रडू फुटायला आलं होतं, पण तिथं कामाचा अभिमान आडवा आला. "तुमच्या लेकराला कधी साबण डोळ्यात गेला का? टाळू दाबली का कधी? त्याचं पाणीबी मी मोरीत सोडत न्हाई. परातीत धरते. लेकराचं न्हालेलं पाणी कोणी ओलांडू नये, लेकरू सुकतं. म्हणून जिथं कोणाचा पाय पडत न्हाई तिथं नेऊन वतते. कुणाच्या घरी एवढं करती का कोणी?"

"आमच्याकडे कुठे ओतता?"

"न्हाणीच्या मागं. त्या बोळीत."

बेबीनंदानं सुगतला तिच्या मांडीवर दिलं. दारातच. झुंबरबाई घ्यावं की नको अशी बघत राहिली, मग तिचे हात आपोआप पुढं झाले.

"जरा धरा. मी आलेच."

४

न्हाणीघर आणि कुंपणाची भिंत यांच्यात हातभर रुंदीची बोळ होती. तिथं विटांचं एक गोल आळं होतं, रोप मात्र नव्हतं. मधोमध लोखंडी पाइपचं टोक वर आलेलं. बाकी बोळ मुरमाड, कोरडी ठक्क. आळ्यात तेवढी वरवर ओल धरलेली, एक-दोन हिरव्या काड्याही उगवलेल्या.

बॉयलरपासून एक जुनी, उघडी तार भिंतीवरून खाली येत होती आणि पाइपला गुंडाळलेली होती.

सुगतला घेऊन, झुंबरबाईला उद्या यायला सांगून ती परत आत आली तेव्हा देवानंदनं तिचा चेहरा बघितला. "काय गं?"

"थांबा." तिनं भिंतीवरचं कॅलेंडर काढून घेतलं. सुगतनं किती वेळा दूध घेतलं, कधी शिंकला, कधी उशिरा झोपला, सगळं ती त्यावर बारीक अक्षरात लिहायची. देवानंद त्यावरून तिची चेष्टा करायचा. फ्यूज उडाला त्या दिवशी तिनं फुली मारली होती.

फुल्या सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी. झुंबरबाईच्या वारांना. कोणीही बघितलं असतं तर द्वारकाबाईंसारखंच बोललं असतं.

पण एका बुधवारी फुली नव्हती. त्या दिवशी झुंबरबाई आली होती, तेल लावून गेली होती. खाली लिहिलं होतं : सर्दी, अंघोळ नाही.

आणि एका रविवारी फुली होती. झुंबरबाई त्या दिवशी गावात नव्हती. सकाळी बटण दाबल्या दाबल्या उडाला होता. खाली लिहिलं होतं : रात्री अवकाळी पाऊस, सुगत दोनदा उठला.

"ती आली नि उडाला नाही. ती नव्हती नि उडाला," ती देवानंदला म्हणाली. "म्हणजे पायाचा संबंध नाही. रामरावांचाही नाही. पाऊस कोणाच्या चावीनं पडत नाही."

"मग संबंध कशाचा?"

ती चुलीकडे वळली. भाकरी थापून झालेल्या सासूबाई तळवे एकमेकांवर घासत चुलीपाशी बसल्या होत्या.

"आत्याबाई, हात दुखतात?"

"दुखत न्हाईत गं. मुंग्या येतात. वात हाय. झुंबरी चोळून देते त्या दिवशी बरं असतं," द्वारकाबाई बोलून गेल्या, मग जरा ओशाळल्या. "हात चांगला हाय तिचा. मी कुठं न्हाई म्हणते. पाय वाईट हाय."

"ती येत नाही त्या दिवशीच मुंग्या येतात? कुठल्या वेळी?"

"अंघोळीच्या वेळी. थंडीनं. नळ धरला की सुरू होतात."

"पाणी घेताना तुम्ही बटण बंद करता?"

"ते तूच करते घडीघडी. मला कुठं आठवतं?"

बेबीनंदाला आठवलं. गेल्याच मंगळवारी द्वारकाबाई सुगतला कडेवर घेऊन एका हातानं नळ सोडत होत्या. तिनंच ओरडून आधी बटण बंद केलं होतं, नेहमीच्या भित्रेपणानं. आणि कालपासून तर तार दुहेरी होती.

ती तशीच फळीपाशी गेली आणि फ्यूजच काढून हातात घेतला.

"उद्यापर्यंत बॉयलरला कोणीही हात लावायचा नाही. पाणी चुलीवर तापेल. धूर होऊ दे."

"आता तर नीट झालाय की," द्वारकाबाई म्हणाल्या.

"म्हणूनच," बेबीनंदा म्हणाली. "आत्याबाई, फ्यूज उडतो त्या दिवसांचं काही नाही. उडत नाही त्या दिवसांची भीती आहे."

५

रविवारी न्हाणीघरासमोर पाच माणसं उभी होती : भिवा, रामराव, देवानंद, द्वारकाबाई आणि सगळ्यांच्या मागं, अंगणाच्या कडेला, झुंबरबाई. सुगत ओसरीत पाळण्यात. बेबीनंदानं त्याला तिथून दिसेल पण पोचणार नाही इतक्या अंतरावर ठेवलं होतं.

"भिवाभाऊ, आधी होती तशी एकेरी तार घाला."

भिवानं घातली.

"झुंबरमावशी शुक्रवारनंतर न्हाणीकडे आलेल्या नाहीत. बरोबर ना, आत्याबाई?"

"बराबर."

बेबीनंदानं बटण दाबलं. सगळे फळीकडे बघत राहिले. काही झालं नाही. पिंपातून पाणी तापायची बारीक कुरकुर सुरू झाली.

"चांगला चालून राह्यलाय की!" रामराव म्हणाले. द्वारकाबाईंनी झुंबरबाईकडे बघितलं, मग रामरावांकडे. म्हणजे बघा, ती आली न्हाई तर चालतो.

"आता टेस्टर लावा. पिंपाला. सांभाळून, चप्पल घालून."

भिवानं टेस्टर टेकवला.

दिवा भक्कन लागला.

त्यानं हात असा मागं घेतला की टेस्टर फरशीवर पडला. "आयला! अख्खा पिंप पेटलेला हाय! नळसुद्धा!"

द्वारकाबाईंनी आपले दोन्ही तळवे समोर धरून बघितले, जणू ते दुसऱ्या कोणाचे होते.

बेबीनंदानं बटण बंद केलं, दोनदा खात्री केली, आणि बादली उचलून बोळीत गेली. पाणी विटांच्या आळ्यात ओतलं. सावकाश, झुंबरबाई ओतायची तसं. पाणी जिरेपर्यंत थांबली. परत आली.

"आता."

बटण दाबलं.

फट्!

ओसरीत सुगत दचकून रडला. ती धावत गेली, त्याला घेऊन आली, थोपटत थोपटतच बोलू लागली.

"बॉयलरची कॉइल आतून फुटलीय. इथलं पाणी जड, तिच्यावर खडूसारखा थर धरला आणि ती तडकली. दिवाळीनंतर केव्हातरी. तेव्हापासून वीज पिंपात उतरतेय. अशी उतरलेली वीज जमिनीत निघून जावी म्हणून ती बोळीतली तार असते. पण जमीन ओली असेल तरच ती वीज घेते. ओली असली की वीज जोरात जमिनीत जाते, फ्यूजची तार तापते, फ्यूज उडतो आणि आपण वाचतो. जमीन कोरडी असली की वीज जाणार कुठं? पिंपातच थांबते. फ्यूज उडत नाही. बॉयलर मस्त चालतो. आणि नळाला हात लावला की मुंग्या येतात."

"पण मला झटका कामून न्हाई बसला?" द्वारकाबाईंचा आवाज पार बारीक झाला होता.

"तुम्ही लाकडी पाटावर बसून पाणी घेता. फरशी कोरडी असते. एक दिवस ओली असली असती..." तिनं सुगतला आणखी जवळ घेतलं. "झुंबरमावशी लेकराचं पाणी त्या आळ्यात ओततात. ओततात त्या दिवशी फ्यूज उडतो. सुगतला सर्दी होती त्या दिवशी ओतलं नाही, उडाला नाही. पाऊस पडला त्या रात्री पावसानं ओतलं. मुरमात पाणी टिकत नाही, म्हणून दुसऱ्या सकाळी पुन्हा सगळं ठीक दिसायचं."

भिवा डोक्याला हात लावून खाली बसला. "अर्थिंग! अन् मी मूर्खावाणी जाड तार घातली. ताई, ती राह्यली असती तर ओल असूनबी उडाला नसता." मग रामरावांकडे बघून म्हणाला, "मालक, बसवताना मी सांगितल्तं तुम्हाला. आठ दिवसाला बादलीभर पाणी टाकत जा त्या आळ्यात."

रामरावांनी तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली.

"सांगितल्तं," ते शेवटी म्हणाले. "मला वाटलं, झाड न्हाई तर पाणी कशाला. इसरलो. मास्तर, कॉइल मी नवी बसवतो. उद्याच. अन् ते जागा बदलायचं..." ते थांबले. "लेकीसाठी बोललो होतो. ते मनात ठेवू नका."

देवानंदनं मान हलवली. रामरावांवर घेतलेल्या संशयाबद्दल तो आणि बेबीनंदा, दोघंही गप्प राहिले.

झुंबरबाई अजून कडेलाच उभी होती. सगळं ऐकलं होतं, पण तिला एकच गोष्ट नीट कळून घ्यायची होती.

"ताई, म्हणजे मी पाणी वतत होते म्हणून...?"

"म्हणून हे घर धड आहे, मावशी."

६

द्वारकाबाई पुढं झाल्या. पदर नीट केला.

"चल गं झुंबरे."

"कुठं?"

"सोनूबाईकडं. माझ्या तोंडानं गेलं ते, माझ्याच तोंडानं परत आणते."

झुंबरबाई हलली नाही. "मला आत नेऊ नका. त्यांना बाहेर बोलवा. मला उंबरा चढू नको म्हणून निरोप दिला, मी तिथंच उभी राहते. अन् हळू बोलू नका माय. हळू बोललेलं फक्त वाईटच दूर जातं."

बेबीनंदा सुगतला खांद्यावर घेऊन मागोमाग गेली. रामरावांच्या दारात सोनूबाई आल्या, मागं भिंतीला टेकत शिवकन्या. समोरच्या ओट्यावर चांगुणाबाई तांदूळ निवडत होती. दुर्गाबाईच्या दाराची कडीही वाजली.

"सोनूबाई," द्वारकाबाई सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "परवा मी भिंतीवरून बोलले ते खोटं होतं. पिंपात वीज उतरली होती. माझा नातू मेला असता, मी मेले असते. ह्या बाईच्या हातच्या पाण्यानं वाचलो. मी तिला वाईट म्हणाले. बिलकुल चूक माझी."

चांगुणाबाईचे हात सुपातच थांबले.

सोनूबाई अवघडल्या. "तसं आम्हीबी कुठं मानतो... पण घनसावंगीच्या बाईला आता बोलावलंय, ती परवाच्या बसनं येईल, तिला न्हाई कसं म्हणायचं..."

बोलणं लांबत चाललं तसा झुंबरबाईचा चेहरा पुन्हा मिटू लागला. बेबीनंदाला पुढं होऊन काही बोलावंसं वाटलं. पण इथं विज्ञान सांगून उपयोग नव्हता. ती थांबली.

शिवकन्या भिंतीचा आधार सोडून पुढं आली. एक हात कमरेवर, एक पोटावर. आईला बाजूला सारत ती हळूहळू उंबऱ्यावर बसली आणि सुजलेले दोन्ही पाय तिनं बाहेर, झुंबरबाईच्या समोर लांब केले.

"मावशी, रातभर झोप न्हाई मला. जरा दाबून द्या ना."

झुंबरबाईनं एकदा सोनूबाईंकडे बघितलं. मग ती खाली बसली, दोन्ही पाय मांडीवर घेतले, आणि अंगठ्यानं घोट्याभोवती गोल फिरवत म्हणाली, "तेल आणा. करडईचं. अन् जरा कोमट करून."

सोनूबाई तेल आणायला आत गेल्या.